चोवीस तासांचे कलम : बाबासाहेब आंबेडकर आणि पोलिसांचे अधिकार

१ जुलै २०२४ ला नवे फौजदारी कायदे लागू झाले, तेव्हा आपल्या मंडळाच्या बैठकीत चहा निवेपर्यंत त्यावरच चर्चा झाली होती, हे सभासदांना आठवत असेल. इंडियन पीनल कोडच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, क्रिमिनल प्रोसिजर कोडच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली आणि पुराव्याच्या जुन्या कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला. चारशेवीसचे आता तीनशे अठरा झाले, मग माणसाला शिवी काय द्यायची, असेही कोणी गमतीने म्हणाले. ३० जूनपर्यंत घडलेल्या गुन्ह्याला जुना कायदा आणि १ जुलैपासूनच्या गुन्ह्याला नवा, ही व्यवस्था आम्हा बँकवाल्यांना लगेच समजली. व्याजदर बदलले तरी जुनी मुदत ठेव जुन्या दरानेच चालते, तसे ते.

त्याच बैठकीत एका तरुण सभासदाने विचारले की पोलिसांनी माणसाला नेले तर किती वेळ ठेवता येते. चोवीस तास, असे चारपाच जण एकदम बोलले. पण हे चोवीस तास कुठून आले आणि नव्या कायद्याने ते कमी-जास्त केले का, याचे उत्तर कोणाजवळ नव्हते, आमच्याजवळही नव्हते. घरी येऊन जमेल तेवढे वाचले. वाचता वाचता विषय कायद्याचा कमी आणि एका माणसाच्या आयुष्याचा जास्त झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे चरित्र आपण सगळे शाळेपासून ऐकत आलो आहोत. या बाजूने मात्र आम्ही ते कधी पाहिले नव्हते.

बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ चा, आपल्याच राज्यातल्या महूचा. वडील रामजी सकपाळ लष्करात सुभेदार होते आणि लष्करी शाळेत शिकवत. घराणे कोकणातल्या आंबडव्याचे. बालपण दापोली आणि साताऱ्याला गेले, पुढचे शिक्षण मुंबईला झाले. तिथून कोलंबिया विद्यापीठ, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स, ग्रेज इन. हा प्रवास सर्वांना ठाऊक आहे, म्हणून त्यावर थांबत नाही.

थांबायचे आहे ते दुसऱ्या गोष्टीवर. आपल्या भागात गावोगावी कोटवार असतो. थान्याला जन्म-मृत्यूची खबर देणारा, साहेब आला की पुढे धावणारा, पंचनाम्याला उभा राहणारा. मुंबई इलाख्यात हेच काम महार वतनदारांकडे होते. सरकारी टपाल तालुक्याला पोचवायचे, चोराचा माग काढायला मदत करायची, अधिकाऱ्याच्या दिमतीला रात्री-अपरात्री हजर व्हायचे आणि मोबदल्यात थोडी जमीन व गावकऱ्यांनी दिलेले धान्य. म्हणजे पोलीस आणि महसूल यंत्रणेची सर्वात खालची पायरी बाबासाहेबांच्या समाजाच्याच खांद्यावर होती. काम सरकारचे, अधिकार मात्र शून्य. मुंबई विधिमंडळात सदस्य असताना १९२८ साली त्यांनी १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक आणले ते यासाठी. ते पुढे गेले नाही, त्यांना ते मागे घ्यावे लागले. महार वतने रद्द झाली ती १९५८ च्या कायद्याने, त्यांच्या मृत्यूनंतर.

सायमन कमिशनपुढे त्यांनी जी निवेदने दिली, त्यांत अस्पृश्यांना लष्करात आणि पोलिसांत भरती करा ही मागणी होती. आज ती फक्त नोकऱ्यांची मागणी वाटेल. पण ज्याच्याविरुद्ध तक्रार करायची त्याचाच भाऊबंद थान्यात बसलेला असेल तर तक्रार नोंदवणार कोण, हा प्रश्न तिच्या मुळाशी होता.

महाडला हा प्रश्न उघड्या डोळ्यांनी दिसला. २० मार्च १९२७ ला परिषदेचे लोक चवदार तळ्यावर जाऊन पाणी प्यायले आणि परतले. मग हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी खोटी अफवा गावात उठली आणि परतणाऱ्या, जेवणाऱ्या माणसांवर लाठ्या पडल्या. बाबासाहेब प्रवासी बंगल्यात उतरले होते. त्यांच्याबरोबर चिडलेली, ताकदीची, त्यांत लष्करातून आलेलीही माणसे होती. एक शब्द पुरला असता. तो त्यांनी दिला नाही. जखमींची चौकशी केली, तक्रार नोंदवायला लावली आणि प्रकरण कायद्याच्या हाती दिले. पुढे हल्लेखोरांपैकी काहींना शिक्षा झाल्या. त्याच वर्षी डिसेंबरात हजारो माणसे पुन्हा तळ्याकडे जायला तयार होती, तेव्हा दिवाणी कोर्टाचा मनाई हुकूम आला. बाबासाहेबांनी सत्याग्रह थांबवला. तळ्याच्या खटल्याचा शेवटचा निकाल मुंबई हायकोर्टातून लागला तो मार्च १९३७ मध्ये, म्हणजे दहा वर्षांनी. कायद्यावर भरवसा ठेवण्याची किंमत किती असते हे या माणसाला वकिलीच्या पुस्तकातून शिकावे लागले नाही.

आता १९४७. स्वातंत्र्याच्या थोडे आधी त्यांनी घटना समितीसाठी एक निवेदन तयार केले होते, स्टेट्स अँड मायनॉरिटीज या नावाने ते प्रसिद्ध आहे. त्यात त्यांनी अमेरिकन घटनेच्या धर्तीवर असे मांडले होते की योग्य न्यायप्रक्रियेशिवाय कोणाचे जीवित, स्वातंत्र्य वा मालमत्ता हिरावून घेऊ नये. यातला योग्य हा शब्द महत्त्वाचा. तो असला की कायदा केला एवढे पुरत नाही, तो कायदा न्याय्य आहे का हेही न्यायालय बघू शकते. ऑगस्ट १९४७ च्या अखेरीस ते मसुदा समितीचे अध्यक्ष झाले. पण मसुद्यात हे शब्द टिकले नाहीत. घटनात्मक सल्लागार बी. एन. राव अमेरिकेत न्यायमूर्ती फ्रँकफर्टर यांना भेटून आले होते आणि न्यायाधीशांच्या हाती इतका अधिकार देऊ नये असे त्यांचे मत झाले होते. कायद्याने घालून दिलेली प्रक्रिया, एवढेच शब्द राहिले. मसुद्यातले हे पंधरावे कलम, आजचे एकविसावे.

या कलमावर ६ डिसेंबर १९४८ ला चर्चा सुरू झाली. (पुढे आठ वर्षांनी याच तारखेला बाबासाहेबांचे निधन झाले, हा निव्वळ योगायोग.) सभागृहातले बरेच जण नाराज होते. १३ डिसेंबरला उत्तर देताना बाबासाहेबांनी ठाम बाजू घेतलीच नाही. विधिमंडळ पक्षीय जोरात वाईट कायदे करू शकते आणि चारदोन न्यायाधीश स्वतःच्या मतानुसार चांगले कायदे मोडू शकतात, दोन्ही धोके त्यांनी समोर ठेवले आणि निर्णय सभागृहावर सोडला. मसुदा समितीचा अध्यक्ष असे क्वचित करतो. कलम होते तसे मंजूर झाले.

त्याच महिन्यातली आणखी एक घटना आपल्या भागाशी जोडलेली आहे. मध्यप्रांत-वऱ्हाडचे सदस्य काझी सय्यद करीमुद्दीन यांनी दुरुस्ती सुचवली होती की घराची, अंगाची, कागदपत्रांची मनमानी झडती घेता येणार नाही, हे मूलभूत हक्कांत लिहा. ही तरतूद फौजदारी प्रक्रियेत आहेच, पण घटनेत आली तर विधिमंडळाला हात लावता येणार नाही, असे म्हणून बाबासाहेबांनी ती स्वीकारण्याची तयारी दाखवली. तरी ती शेवटी नामंजूर झाली. अध्यक्षाने हो म्हटल्यावरही ठराव पडतो, हे आम्ही सोसायटीच्या सभांत पाहिले आहे, घटना समितीतही व्हायचे हे नवीन कळले.

यानंतर नऊ महिने गेले. घटनेच्या मसुद्यातल्या इतर कोणत्याही भागापेक्षा पंधराव्या कलमावर बाहेर जास्त टीका झाली आणि त्यात आपण स्वतःही समाधानी नव्हतो, अशी कबुली देऊन १५ सप्टेंबर १९४९ ला बाबासाहेबांनी एक नवे कलम मांडले. क्रमांक पंधरा-अ, आजचे कलम २२. जे गेले त्याची भरपाई म्हणून ते आणले होते. अटक केलेल्या माणसाला अटकेचे कारण लवकरात लवकर सांगायचे. त्याला पसंतीच्या वकिलाशी बोलू द्यायचे. आणि चोवीस तासांच्या आत जवळच्या मॅजिस्ट्रेटपुढे उभे करायचे, त्यात प्रवासाचा वेळ धरायचा नाही.

चोवीस तासांचा नियम त्यांनी शोधला नाही. १८९८ च्या क्रिमिनल प्रोसिजर कोडमध्ये तो ६१ व्या कलमात होताच. पुढे १९७३ च्या कोडमध्ये तो ५७ झाला आणि २०२३ च्या नागरिक सुरक्षा संहितेत ५८ आहे. हे तर आधीपासून आहे, नवीन काय, असे तेव्हाही विचारले गेले. नवीन इतकेच की साधा कायदा साध्या बहुमताने बदलता येतो. घटनेत गेल्यावर ते चोवीस तास कोणत्याही सरकारच्या एका दुपारच्या कामकाजाबाहेर गेले. आमच्या सभासदाच्या प्रश्नाचे उत्तर हे आहे. कायदे दोनदा बदलले, आकडा हलला नाही, कारण तो हलवायचा तर घटनेपर्यंत जावे लागते.

इथे आम्हाला एक जुनी गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९८० च्या दशकात आम्ही जिल्ह्याबाहेरच्या एका शाखेत होतो. एका संध्याकाळी कॅश जुळेना, दहा हजारांचे एक पॅकेट कमी. पेटी स्ट्राँगरूममध्ये ठेवायला शिपायाने हात लावला होता, एवढ्यावरून त्याला रात्री नेले. तो तिसऱ्या दिवशी सकाळी परत आला. कुठेही नोंद नव्हती, कागद नव्हता, मॅजिस्ट्रेट तर लांबच. त्याने कोणाला काही सांगितले नाही, स्टूल पुसून बसला. काही दिवसांनी एका तेंदूपत्ता ठेकेदाराने एक पॅकेट आणून दिले, पेमेंटमध्ये चुकून जास्त गेले होते. सगळ्यांनी हुश्श केले. शिपायाची माफी कोणी मागितली नाही. आम्हीही नाही. त्या दोन रात्री आम्ही थान्याच्या पायरीपर्यंतसुद्धा गेलो नाही, कारण पोलिसांना विचारणारे आपण कोण, असे वाटले. बी.कॉम.ला आम्ही करार कायदा आणि निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अॅक्ट पाठ केला होता. कलम २२ अभ्यासक्रमात नव्हते.

प्रवासाचा वेळ वगळून, हे शब्दही आपल्या जिल्ह्यात नीट समजतात. बैहर किंवा लांजीकडच्या जंगलपट्टीतून पावसाळ्यात निघायचे म्हणजे काय, हे ज्याने केले त्याला ती सवलत रास्त वाटेल. ती ताणली तर किती ताणता येते, हेही त्यालाच कळेल.

आता त्या कलमाची दुसरी बाजू. त्याच कलमात प्रतिबंधक स्थानबद्धता आहे, म्हणजे गुन्हा न करताही, करील या शंकेने माणसाला डांबणे. अशा माणसाला वरचे तीन हक्क नाहीत. तीन महिन्यांपर्यंत सल्लागार मंडळापुढेही न्यायचे नाही. सभागृह उसळले. न्यायमूर्ती राहिलेले बक्षी टेक चंद, ठाकुरदास भार्गव, आपल्या प्रांताचे हरी विष्णु कामत, सगळे तुटून पडले. महावीर त्यागींनी तर मसुदा समितीवाल्यांनी तुरुंग पाहिलेला नाही म्हणून त्यांना असे सुचते, अशा अर्थाचा टोला मारला. देश नुकताच फाळणीतून निघाला होता आणि तेलंगणात सशस्त्र लढा चालू होता. अशा वेळी सरकारच्या हातून हा अधिकार काढता येणार नाही, तो निदान मर्यादेत बांधावा, ही बाबासाहेबांची भूमिका होती. टीका ऐकून त्यांनी दुसऱ्या दिवशी भर घातली की स्थानबद्धालाही कारणे कळवावीत आणि आपले म्हणणे मांडण्याची संधी द्यावी. १६ सप्टेंबरला कलम मंजूर झाले.

त्यांनी बरोबर केले का? ज्या जिल्ह्यात १९९९ साली मंत्री लिखीराम कावरे यांची नक्षलवाद्यांनी हत्या केली, जिथे पोलीस शिपायांनी आणि साध्या गावकऱ्यांनी जीव गमावले, तिथे बसून हा अधिकारच नको असे म्हणणे आम्हाला सोपे वाटत नाही. पण हक्क आणि हक्काचा अपवाद एकाच कलमात बसवल्याने अपवादाला जी प्रतिष्ठा मिळाली, ती नसती तर बरे झाले असते असे आमचे मत आहे. घटना २६ जानेवारी १९५० ला लागू झाली आणि महिन्याभरात, फेब्रुवारीत, प्रतिबंधक स्थानबद्धतेचा कायदा संसदेने केला. मे १९५० मध्ये ए. के. गोपालन यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याचे एक कलम रद्द केले, बाकी कायदा उचलून धरला आणि प्रक्रिया म्हणजे कायद्यात लिहिलेली कोणतीही प्रक्रिया, असाच अर्थ लावला. १९४८ च्या डिसेंबरात जे शब्द गेले त्यांची किंमत तेव्हा कळली. ती प्रक्रिया न्याय्य आणि वाजवी हवी, हे न्यायालयाने म्हटले ते १९७८ मध्ये, मेनका गांधी खटल्यात. बाबासाहेबांच्या १९४७ च्या निवेदनातला आशय एकतीस वर्षांनी मागच्या दाराने परत आला.

मुदतीबाबतची एक गोष्ट राहिली. अटक करणारी यंत्रणा आणि न्याय देणारा मॅजिस्ट्रेट एकाच कलेक्टरच्या हाताखाली असू नये, यासाठी नोव्हेंबर १९४८ मध्ये बाबासाहेबांनी एक कलम मांडले, त्यात तीन वर्षांची मुदत होती. दुसऱ्याच दिवशी त्यांनी स्वतःच मुदत काढून टाकली. संस्थाने नुकतीच विलीन होत होती, कुठे तीन वर्षे फार, कुठे कमी, असा विचार त्यामागे होता. आज ते कलम ५०. सबंध देशाच्या फौजदारी प्रक्रियेत ही फारकत झाली ती १ एप्रिल १९७४ ला. मुदत नसलेल्या कामाला किती वर्षे लागतात, हे ज्याने ऑडिटचे शेरे निकाली काढले आहेत त्याला सांगायला नको.

सप्टेंबर १९५१ मध्ये हिंदू कोड बिलाच्या वेळी त्यांनी मंत्रिपद सोडले. १९५२ ला मुंबईत लोकसभा हरले. १९५४ साली पोटनिवडणुकीला उभे राहिले ते भंडाऱ्यातून. भंडारा तेव्हा मध्यप्रदेशातच होते, आपल्या अगदी शेजारी. बालाघाट जिल्हा १८६७ मध्ये तयार झाला तेव्हा त्याचा काही भाग भंडाऱ्यातूनच घेतलेला होता. घटनेचा हा शिल्पकार तिथेही काँग्रेसच्या भाऊराव बोरकरांकडून सुमारे ८ हजार मतांनी हरला. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला त्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, तेव्हा नागपूर आपल्या राज्याची राजधानी होती. अठरा दिवसांनी राज्यांची पुनर्रचना झाली, भंडारा-नागपूर तिकडे गेले आणि आपण इकडे राहिलो. ६ डिसेंबरला दिल्लीत बाबासाहेब गेले. वय पासष्ट. आमच्या मंडळातल्या निम्म्या सभासदांपेक्षा लहान.

आता नव्या कायद्याकडे. झडती आणि जप्तीचे व्हिडिओ चित्रण आता बंधनकारक आहे, करीमुद्दीन यांची पडलेली दुरुस्ती निदान कॅमेऱ्याच्या रूपाने साध्या कायद्यात आली. प्रत्येक थान्यात आणि जिल्ह्यात अटक झालेल्यांची माहिती ठेवणारा पोलीस अधिकारी नेमायचा आहे. तीन वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यात साठीच्या पुढच्या माणसाला अटक करायची तर डीवायएसपी दर्जाच्या अधिकाऱ्याची परवानगी लागते, ही तरतूद ऐकून आमच्याकडच्या ज्येष्ठांनी मिशीत हसून घेतले होते. दुसरीकडे, पंधरा दिवसांची पोलीस कोठडी पूर्वी पहिल्या पंधरवड्यातच मिळत असे, ती आता गुन्ह्याप्रमाणे पहिल्या चाळीस किंवा साठ दिवसांत तुकड्यातुकड्यांनी मागता येते. पोलिसांचा हात इथे लांब झाला आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. आणि सगळेच एका तारखेला आले असेही नाही. अपघात करून पळून जाणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत शिक्षा देणारे उपकलम ट्रक ड्रायव्हरांच्या संपानंतर १ जुलैला बाजूला ठेवले गेले.

नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की अटकेची कारणे लेखी द्या, त्या माणसाला समजेल त्या भाषेत द्या, आणि ताबडतोब जमत नसेल तर मॅजिस्ट्रेटपुढे नेण्याच्या निदान दोन तास आधी द्या. हे कलम २२ मधूनच आले. खंडपीठावर तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई होते, अमरावतीचे.

स्थानबद्धतेच्या भागात मात्र एक काम अर्धवट पडून आहे. आणीबाणीनंतर १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने तीन महिन्यांचे दोन महिने केले आणि सल्लागार मंडळाची रचना कडक केली. संसदेने ती मंजूर केली, राष्ट्रपतींची सही झाली. लागू करण्याची तारीख सरकारने ठरवायची होती. ती तारीख आजवर आलेली नाही. १९८१ मध्ये ए. के. रॉय खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सरकारला तशी सक्ती करायला नकार दिला. घटनेची सरकारी प्रत उघडून कलम २२ चे पान काढा. खाली बारीक अक्षरांत तळटीप दिसेल की त्या दुरुस्तीचे तिसरे कलम अंमलात आल्यावर मजकूर बदलेल. ती तळटीप दर नव्या आवृत्तीत पुन्हा छापली जाते.